अंड्याचं पांढरं

‘दिवाण पुन्हा गळतोय,’ असं अण्णा ज्या दिवशी म्हणाले, त्या दिवशी आमच्याकडे पोळीवर तूप मागायची कुणाची छाती झाली नाही. दिवाण म्हणजे आमची गाडी. दक्षिणेकडच्या एका छोट्या संस्थानात माझ्या आईचे वडील दिवाणसाहेबांचे ड्रायव्हर होते. संस्थान गेलं, दिवाणसाहेबही गेले आणि त्यांची काळी विलायती गाडी जाता जाता आजोबांना मिळाली. आजोबांनंतर ती आईकडे, म्हणजे त्या काळच्या रीतीप्रमाणे अण्णांकडे आली. अण्णा शाळेत गणित शिकवत. गणिताच्या मास्तरानं गाडी बाळगणं ही नारायण पेठेत चेष्टेची गोष्ट होती. ‘मास्तर, घोडा पण घ्या आता,’ असं लोक म्हणत. अण्णा त्यांना उत्तर देत नसत. ते कुणालाच फारसं उत्तर देत नसत.

आम्ही राहायचो त्या दोन खोल्यांच्या मागे फरसबंद अंगण होतं आणि अंगणात पत्र्याची शेड. पूर्वी तिथे कुणाचा तरी टांगा असायचा. आमच्या वेळेला दिवाण उभा असे. शेडच्या भिंतीला लागून बापटांचा छापखाना होता. सकाळी नऊ वाजता त्याचं पायानं चालवायचं यंत्र खटक-खटक सुरू व्हायचं ते संध्याकाळी दिवेलागणीला थांबायचं. मी अभ्यास त्या तालावर केला, आई पोळ्याही त्याच तालावर लाटायची. शेडच्या दारावर अण्णांनी स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात पाटी लावली होती : ‘विचारल्याशिवाय गाडीस हात लावू नये. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये.’ दुसरी ओळ खास बापटांसाठी होती, हे बापटांनाही माहीत होतं. ती पाटी पुढे आमच्यावर कशी उलटणार आहे, याची कल्पना कुणालाच नव्हती.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही दिवाणात बसून सारसबागेत जायचो. अण्णा चालवायचे, त्यांच्या शेजारी मी, मागे आई. सुधाताई होती तोवर आईच्या शेजारी सुधाताई. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बी.एस्सी. झाली, नोकरीला लागली आणि एके दिवशी कर्वेनगरच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न करून मोकळी झाली. कर्वेनगर तेव्हा गाव होतं. ज्वारीची शेतं, विहिरी, कोंबड्या. आज मी तिथेच एका सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर राहते आणि खाली पार्किंगवरून होणारी भांडणं ऐकते, त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतं. सुधाताईच्या लग्नाचं कळलं तेव्हा अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी संध्याकाळी स्वतः उठून चौथा पाट उचलला आणि माळ्यावर ठेवला. तिचं नाव कोरलेलं फुलपात्रही त्याच्याबरोबर वर गेलं. त्यानंतर दीड-दोन वर्षं त्या घरात सुधा हे नाव उच्चारलं गेलं नाही. आईसुद्धा उच्चारत नसे. मला त्या वेळी आईचा राग यायचा. इतकं कसं एखादीला आपल्या मुलीवाचून राहवतं, असं वाटायचं.

आता दिवाणाच्या दुखण्याबद्दल. ज्यांनी गाडीचं पोट कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिन म्हणजे जाड लोखंडी डबा आणि त्यावर तितकंच जाड झाकण. त्या झाकणाला हेड म्हणतात. डबा आणि झाकण यांच्या मधे गॅस्केट नावाचा तांब्याचा पातळ पत्रा असतो. झाकण नीट बसलं नाही की इंजिनाला थंड ठेवणारं पाणी नको तिथे शिरतं, तेलाचा रंग चहासारखा होतो आणि रेडिएटरमधे बुडबुडे येतात. त्या मे महिन्यात दिवाणाला हेच झालं. अण्णांनी सुट्टीत हेड उतरवलं, घासून सपाट करून आणलं, नाना पेठेतून नवी गॅस्केट आणली आणि जोडणीला मला हाताशी घेतलं. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या वर्गात मुली दोनच, त्यातली दुसरी रडून घरी जायच्या बेतात होती. ‘पुस्तकात वाचतेस ते हातानं करून बघ,’ अण्णा म्हणाले.

हेडवर दहा नट होते. अण्णांनी प्रत्येकाशेजारी खडूनं आकडा घातला. एक आणि दोन मधोमध, मग तीन-चार त्यांच्या बाजूला, असं करत शेवटचे आकडे टोकांना. मधून सुरुवात करायची आणि बाहेर जायचं. तेही एका दमात घट्ट करायचं नाही. पहिली फेरी हलकी, दुसरी मध्यम, तिसरी पूर्ण. कडेपासून आवळत गेलं तर मधे फुगवटा राहतो. अण्णा हे मला फळ्यावर प्रमेय मांडावं तसं समजावत होते, तेवढ्यात आई ताक घेऊन आली. तिनं इंजिनाकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, ‘मधूनच सुरू करा हो.’

‘गोधडी आहे का ती?’ अण्णा म्हणाले.

‘गोधडीपण मधूनच टाचतात,’ आई म्हणाली आणि रिकामी भांडी घेऊन आत गेली. मी हसले. आई गोधडीवरून बोलते आहे असंच मला वाटलं. माणूस किती आंधळा असू शकतो, याचा विचार आता करते तेव्हा मला त्या ताकाच्या भांड्यांचा आवाज आठवतो.

जोडणी झाल्यावर अण्णांनी मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली. नवी गॅस्केट चालून चालून दबते, त्यामुळे नट सैल पडतात. पहिले दोनशे मैल झाले की ते सगळे पुन्हा एकदा आवळायचे. विसरलात की केलेली मेहनत पाण्यात. दिवाणाचा मैल दाखवणारा काटा आजोबांच्या वेळेपासूनच मेलेला होता, पण अण्णांना काट्याची गरज नव्हती. सारसबाग आणि परत, वाटेत पेट्रोल, असे रविवारचे चार मैल. म्हणजे दोनशे व्हायला वर्ष लागणार. पुढच्या मे महिन्यात आवळू, असं म्हणून त्यांनी पाने चिंधीत गुंडाळून ठेवले.

मे महिना यायच्या आधी भाद्रपद लागला आणि दिवाण गळायला लागला. सारसबागेच्या दारात वाफ निघाली. अण्णांनी तेल तपासायची पट्टी ओढून पाहिली. तिच्यावर चहा. तशीच गाडी हाकत ते घरी आले, हात धुतले आणि दिव्याखाली बसून दोन्ही पंजे उलटेसुलटे करून बघत राहिले. ‘हात गेला माझा,’ असं म्हणाले. अण्णांना तेव्हा पन्नाशी उलटली होती. फळ्यावर हातानं काढलेलं त्यांचं वर्तुळ मुलं कंपास लावून तपासायची आणि ते बरोबर निघायचं. त्या हातांनी केलेलं काम साडेतीन महिन्यांत फुटावं, हे त्यांना सोसवत नव्हतं. दोन दिवसांनी त्यांनी जाहीर केलं की गाडी विकायची. कोरेगाव पार्कातले एक हौशी गृहस्थ जुन्या गाड्या जमवत, ते रविवारी न्यायला येणार होते. ‘पण गळकी गाडी देणं ही फसवणूक आहे. शेवटचं एकदा हेड बसवून देतो,’ ते म्हणाले. आईनं हे ऐकलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिच्या हातून ताट निसटलं आणि खोलीभर तांदूळ झाला. मी म्हटलं, आजोबांची गाडी आहे, वाईट वाटलं असणार. मीही वेचू लागले.

बुधवारी शाळेला कसलीशी सुट्टी होती. सकाळी आठलाच अण्णांनी नट काढायला घेतले. मी नट परातीत ओळीनं मांडत होते. परात स्वयंपाकघरातली होती. एरवी आईनं त्यावरून घर डोक्यावर घेतलं असतं, पण त्या दिवशी ती दोनदा दारापर्यंत आली आणि काही न बोलता परत गेली. नऊच्या सुमाराला आम्ही दोघांनी मिळून हेड उचललं. खाली पाण्याच्या वाटा उघड्या पडल्या, आणि त्या वाटांमधे काहीतरी पांढरं अडकलेलं दिसलं. बारीक, चपटे, किंचित वळलेले तुकडे. दहा-वीस नव्हे, चांगले मूठभर. भोवतीच्या पाण्याला पिवळसर झाक होती.

‘क्षार,’ अण्णा म्हणाले. ‘नळाचं पाणी असंच आहे.’

मी एक तुकडा चिमटीत घेतला. क्षार असा नसतो. एका बाजूला तो गुळगुळीत होता आणि दुसऱ्या बाजूला त्याला पातळ पापुद्रा चिकटलेला होता. नखानं दाबला तर कट्‌ करून मोडला. ते काय आहे हे मला त्याच क्षणी कळलं. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नसे.

‘अण्णा, हे अंड्याचं टरफल आहे.’

छापखान्याचं यंत्र चालू होतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, इंजिनाकडे नव्हे.

‘तुला काय माहीत?’

आता आली का पंचाईत! टरफल ओळखलं म्हणजे मी ते कुठेतरी पाहिलं होतं. खोटं बोलावं तर काय बोलावं, तेही सुचेना. शेवटी मी सांगून टाकलं, की मैत्रिणीबरोबर कँपातल्या इराण्याकडे ऑम्लेट खाल्लं आहे, एकदा नाही, चारदा, आणि त्यात एकदा असाच तुकडा दाताखाली आला होता. मला वाटलं आता माझाही पाट माळ्यावर जाणार. एक मुलगी शेतकऱ्याकडे गेली आणि दुसरी इराण्याकडे. अण्णा माझ्याकडे बघत राहिले, पण त्यांचं डोकं तोवर पुढे धावलं होतं. माझं ऑम्लेट त्यांनी बाजूला ठेवलं, कारण त्याहून मोठा प्रश्न समोर होता. अंडं मी खाल्लं असेल, पण दिवाणाला ते कुणी भरवलं?

त्यांना पहिला संशय कुणाचा यावा हे उघड होतं. त्यांनी भिंतीवर पान्यानं ठोकलं आणि बापटांना बोलावलं. बापट शाईचे हात पुसत आले. गोल, गोरे, कायम पान खाल्लेले.

‘हा आचरटपणा आपला का?’ अण्णांनी टरफल पुढे केलं.

बापटांनी ते उजेडात धरून पाहिलं. ‘मास्तर, मी ब्राह्मण आहे. अंडं फुकट कसं घालवीन?’

‘थट्टा नको. माझ्या गाडीला कोण हात लावतं? आपण दिवसभर इथेच असता.’

‘असतो ना.’

‘मग आपल्याला माहीत असलं पाहिजे.’

‘आहेच माहीत,’ बापट म्हणाले. ‘साऱ्या आळीला माहीत आहे. दर गुरुवारी माझीच दोन माणसं गाडीला धक्का मारतात.’

‘आणि मला सांगितलं नाहीत?’

बापटांनी शेडच्या दाराकडे बोट केलं. ‘आपलीच पाटी आहे, विचारल्याशिवाय देऊ नये. आपण कधी विचारलंत?’ मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. ‘घरात विचारा, मास्तर. मला नका विचारू.’ ते गेले आणि थोड्या वेळानं पलीकडचं यंत्र बंद पडलं. एवढ्या वर्षांत ते दिवसाउजेडी बंद पडलेलं मी तेव्हाच ऐकलं. भिंतीपलीकडे सगळे कान देऊन उभे होते.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला कणीक होती. तिचा चेहरा मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते, पण त्यावर भीती होती की सुटका, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

‘मी टाकलं ते,’ आई म्हणाली. ‘गाडी मीच नेते.’

‘नेतेस म्हणजे?’ अण्णांना खरंच कळलं नव्हतं. ‘कोण चालवतं?’

‘मी.’

माझी आई, जी रविवारी मागच्या सीटवर पदर सावरून बसायची, जी रिक्षावाल्याला ‘हळू रे बाबा’ म्हणायची, ती गाडी चालवते? आई सांगत गेली, आवाज न चढवता, पदार्थाची कृती सांगावी तशी. आजोबांनी तिला चौदाव्या वर्षी शिकवलं होतं. दिवाणसाहेब दौऱ्यावर झोपलेले असायचे आणि ही आडरस्त्याला चाक धरायची. हेड कसं बसवायचं, नट कुठून आवळायचे, तेही तिनं तिथेच पाहिलं होतं.

‘पंचवीस वर्षं या घरात आहेस. बोलली नाहीस कधी?’

‘कुणी विचारलं नाही,’ आई म्हणाली.

अण्णा दिवाणाच्या पायरीवर बसले. आईला आता थांबायचं नव्हतं. सुधाला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात रक्तस्राव झाला होता आणि मूल राहील की नाही याची खात्री नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दर गुरुवारी तपासायला यायला सांगितलं होतं आणि वर सांगितलं होतं की बस नको, रिक्षा नको, धक्का बसता कामा नये. जावई चिंचवडच्या कारखान्यात पाळीला. गावात एक ट्रॅक्टर आणि चार बैलगाड्या. म्हणून पंधरा गुरुवार झाले, अण्णा शाळेत आणि मी कॉलेजात गेले की आई दिवाण काढत होती. कर्वेनगरला जायचं, सुधाला मागच्या सीटवर उशा लावून निजवायचं, शहराच्या दुसऱ्या टोकाला इस्पितळात न्यायचं, परत सोडायचं, घरखर्चातून वाचवलेल्या पैशांचं पेट्रोल भरायचं आणि चारच्या आत शेडमधे. आम्हाला सांगायची, दत्ताला जाते. पंधरा आठवडे तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. सुधाताईचं नाव घेत नाही म्हणून मी जिच्यावर मनातून चिडत होते, ती ही बाई!

‘आता नववा लागलाय,’ आई म्हणाली. ‘कधीही होईल. आणि उद्या गुरुवार आहे.’

तिनं परातीतल्या दहा नटांकडे पाहिलं. मग मीही पाहिलं. दिवाण डोकं काढून उघडा पडला होता.

मग अण्णांनी जे विचारलं त्याचा मला कितीतरी वर्षं राग होता. ते म्हणाले, ‘एका गुरुवारचे मैल किती?’

‘सोळाएक होतात.’

‘पंधरा गुणिले सोळा, दोनशे चाळीस. माझे रविवारचे साठ. तीनशे.’ त्यांनी पंजे उघडून पाहिले. ‘म्हणजे नट शंभर मैलांपूर्वीच आवळायला हवे होते. माझा हात चुकला नव्हता.’

‘अण्णा!’ मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. ‘ताईचं काय?’

त्यांनी मान वर केली तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आज माझं वय तेव्हाच्या अण्णांपेक्षा वीस वर्षांनी जास्त आहे, आणि मला वाटतं की माणूस पेलेल त्याच प्रश्नापासून सुरुवात करतो. गणिताच्या मास्तराला मैल पेलत होते. मुलीचा नववा महिना पेलत नव्हता.

मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि टरफल उचललं. ‘आणि हे?’

आई आता ओशाळली. गेल्या महिन्यात कर्वेनगरच्या वाटेवर दिवाणातून वाफ निघाली होती. सुधाताईच्या सासूबाईंनी ते पाहिलं. त्या माउलीनं विहिरीवरचं इंजिन जन्मभर सांभाळलेलं. त्या म्हणाल्या होत्या, ‘इहीणबाई, गळतंय व्हय? अंड्याचं पांढरं टाका पान्यात. नुसतं पांढरं, बलक नगं. आमच्या इंजनाला तेच करतो. लगीच बसतंय.’ आणि चार अंडी पदरात घातली होती.

‘मग मी पांढरं टाकलं,’ आई म्हणाली. ‘आतलं सगळं सांडून दिलं. वरचं पांढरं तीनदा धुतलं, दोन दगडांत बारीक कुटलं आणि टाकलं. वर चमचाभर हळद. हळद बरी असते.’

मला समजायला क्षणभर लागला. अंड्याचं पांढरं म्हणजे आतला पातळ द्रव, जो उकळत्या पाण्यात घट्ट होऊन भेग बुजवतो. माझ्या आईनं जन्मात अंडं फोडलेलं नव्हतं. तिला अंड्याचं जे पांढरं दिसलं ते तिनं टाकलं. बलक नको म्हटलं म्हणून आतलं सगळंच बलक समजून ओतून दिलं आणि टरफलं घातली, तीही सोवळ्यानं धुऊन! त्या टरफलांनी पाण्याच्या वाटा बुजल्या, दिवाण आणखी तापला आणि होती नव्हती ती गॅस्केट गेली. मी हे कसंबसं समजावून सांगितलं आणि मला हसू फुटलं. ते हसू चांगलं नव्हतं, त्यात निम्मं रडू होतं, पण थांबवता येईना. भिंतीपलीकडून कुणीतरी फुसकन हसलं. अण्णांची छाती हलताना दिसली. ते हसत होते की अजून रडत होते, मला कळलं नाही.

‘पाणी आण,’ ते उठून म्हणाले. ‘बादल्या भरून आण.’

दुपारच्या जेवणाला आम्ही खिचडी उभ्यानं खाल्ली. मी पाण्याच्या वाटा धुतल्या, तारेनं टोकरून एकेक कपचा काढला. अण्णांनी हेडवर पोलादी पट्टी आडवी-उभी धरून ते वाकलं नाही ना ते पाहिलं. पट्टीखाली सिगारेटचा कागद सरकतो का, हे बघायचं असतं. कागद बापटांनी न मागता भिंतीवरून दिला. कागद सरकला नाही. विकण्यापूर्वी बसवायची म्हणून आणलेली नवी गॅस्केट होतीच. हेड परत चढलं तेव्हा चार वाजले होते. खडूचे आकडे तेलानं पुसून गेले होते. अण्णा खडू शोधायला लागले तर आई पुढे झाली. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत धुतलेले. ‘मी सांगते,’ ती म्हणाली. ‘हा एक.’

आई बोट ठेवत गेली आणि अण्णा आवळत गेले. मधून बाहेर. हलकी फेरी, मध्यम फेरी, पूर्ण फेरी. एकदा अण्णांचा पाना सातवरून नऊवर गेला तर ती ‘अंहं’ म्हणाली आणि अण्णा मुकाट्यानं आठवर आले. माझ्या वडिलांना कुणी चूक दाखवलेली आणि त्यांनी ती मानलेली मी प्रथमच पाहिली. दिवेलागणीच्या आत दिवाण सुरू झाला. अर्धा तास चालवून पाहिला. पाण्यात बुडबुडा नाही, पट्टीवर तेल सोन्यासारखं.

गुरुवारी सकाळी आईनं चोरून जायचं कारण उरलं नव्हतं, तरी ती अण्णा शाळेत जायची वाट बघत होती. अण्णा कोट घालून, छत्री घेऊन अंगणात आले आणि किल्ली तिच्या हातात दिली. मला वाटलं आता ते मागचं दार उघडतील आणि बसतील. तसं काही झालं नाही. त्यांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला.

‘दोनशे मैल झाले की सांग. पुन्हा आवळायचेत. मागच्या वेळी सांगितलं नाहीस.’

‘सांगेन,’ आई म्हणाली.

अण्णा शाळेत गेले. रविवारी कोरेगाव पार्कातले गृहस्थ आले, तर अण्णांनी त्यांना दारातूनच सांगितलं की गाडी घरात लागते. त्याच्या आदल्या दिवशी सुधाताईला मुलगा झाला होता. आईनं ते जेवताना सांगितलं. अण्णांनी आमटीची वाटी पुढे केली आणि ‘वजन किती?’ एवढं विचारलं. बारशाला ते गेले नाहीत. मी रागावून त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे.

सव्वा महिना झाला. त्या गुरुवारी अण्णांची शाळा लवकर सुटली होती आणि ते अंगणात धोतर वाळत घालत होते. दिवाण आत आला. आईनं इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि म्हणाली, ‘झाले दोनशे.’

अण्णांचा हात दोरीवरच थांबला. ‘दोनशे कसे होतील? सात गुरुवार झाले. पहिला सोळाचा, नंतर नुसतं कर्वेनगरला जाऊन-येऊन सहा-सहा. रविवारचे धरले तरी फार तर…’

मागच्या सीटवर कुणीतरी शिंकलं. अगदी बारीक, मांजराच्या पिल्लाएवढी शिंक. सुधाताई काचेला टेकून बसली होती, मांडीवर गोधडीचं गाठोडं होतं आणि ती अण्णांकडे बघत नव्हती. मी उंबऱ्यावर उभी होते, आणि माझ्यानं ना पुढे जाववत होतं ना मागे.

माझ्या वडिलांनी चुकलेली बेरीज जन्मात कधी सोडली नव्हती. दुकानदाराची सोडली नाही, हेडमास्तरांची सोडली नाही, माझी तर नाहीच. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. धोतराचं टोक दोरीवरून घसरून ओल्या फरशीवर पडलं.

‘झाले म्हणतेस,’ ते म्हणाले, ‘तर झाले असतील.’

मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मंदे, पाना आण. आणि येताना माळ्यावरचा पाट काढ.’